मुदत संपलेलं पाकीट

श्यू-लानच्या धाकटीचं लग्न झालं, त्या वर्षीची गोष्ट. तैचुंगच्या कारखान्यात, आवाजबंद खोलीत, ती कॉम्प्युटर थंड ठेवणारा जुना पंखा आणि त्याचा नवा नमुना ताडून बघत होती. दोन्ही बंद केले, तरी आवाज मोजणाऱ्या मशीनचा काटा श्वासासारखा हळूहळू चढत-उतरत राहिला.

हीच धाप तिने सकाळी इस्पितळात वडिलांच्या उशाशी ऐकली होती.

"ताई, मशीनवरचं खाऊचं पाकीट बघ!" तिचा सहकारी मिंग-तो हसला. मशीनने शहाण्यासारखं वागावं म्हणून त्यावर हिरवं खाऊचं पाकीट ठेवायची तिथे रीतच होती. "मुदत संपल्यावर मशीन कशाला शहाण्यासारखं वागेल?"

"गप रे, मेल्या!" म्हणत तिने जुनं फेकलं, नवं हिरवं पाकीट मशीनवर ठेवलं.

काटा निपचित पडला.

"बघ, झालं गप्प!"

श्यू-लानने कचऱ्यातून जुनं पाकीट काढून घाईघाईने परत ठेवलं. काटा हलला नाही.

तिचे वडील त्याच दुपारी, काटा थांबला त्याच सुमारास वारले.