फाडफाड इंग्रजी

कॉलेजच्या प्रवेश परीक्षेसाठी अवघड इंग्रजी शब्दांच्या चिठ्ठ्या मी फ्रिजवर, आरशावर, जागा मिळेल तिथे चिकटवल्या होत्या. काकांनी सगळ्या ओरबाडून काढल्या. “पुरे झाली थेरं! रविवारी तुला बघायला येताहेत.”

रविवारी मुलाकडच्यांपुढे त्याच काकांची छाती फुगली. “आमची पोर फाडफाड इंग्रजी बोलते. बोल गं!”

मी बोलले. फाडलेला एकूण एक शब्द वापरून इंग्रजीत ठणकावलं, की मला लग्न करायचं नाही, परीक्षा द्यायची आहे, आणि काकांनी मला एका शब्दाने विचारलेलं नाही.

काकांनी टाळ्या पिटल्या. मुलगाही कौतुकाने मान डोलावत राहिला.

 

मुलाच्या आईने मात्र भरलेला कप तसाच खाली ठेवला. “ऊठ रे. तिला अभ्यास आहे.”