मदिनेचे पाच खजूर

शेख अबू हुजैल यांनी दुसरा खजूरही गिळला.

पहिल्याच्या वेळी उमैमाला वाटलं, वय झालंय, चुकून गेला असेल घशाखाली. खजूर चावून मऊ करायचा आणि बोटभर तान्ह्याच्या टाळ्याला चाटवायचा, एवढंच तर काम. जो चावतो त्याचे गुण बाळात उतरतात, असं सगळं कूफा शहर मानायचं. म्हणून तर तिनं शेखबाबांना बोलावलं होतं. भरल्या ताटासमोर हात आवरणारा माणूस मोहल्ल्यात तो एकच. पोरानं बापावर जाऊ नये, एवढंच तिचं मागणं. बाप, म्हणजे मुकातिल, गहू-मटणाच्या हरिशाचं पातेलं एकटा चाटूनपुसून संपवायचा आणि मग विचारायचा, जेवायला काय आहे.

तिच्या मामानं मदिनेहून आणलेले पाचच खजूर होते. नवऱ्याच्या हाती लागू नयेत म्हणून तिनं ते इतके दिवस बाळाच्या दुपट्यांत दडवले होते.

तिसरा. शेखबाबांचे डोळे मिटले, गाल हलले, मग गळ्याची घाटी हलली. चौथ्याला त्यांनी बिस्मिल्ला जरा जोरात म्हटलं. उपयोग झाला नाही.

“पोरी, दोन वर्षं झाली, हकिमानं गोड बंद केलंय,” ते कसेबसे म्हणाले. “माझी प्रकृती उष्ण, म्हणे. नुसती जवाची पेज. लोक त्यालाच माझा संयम समजतात.”

आणि ते स्वतःच्या दोन्ही हातांवर बसले.

एकच खजूर उरला. बाळ रडून लाल झालं होतं. दाराशी बसवून ठेवलेला मुकातिल उठला. “आण इकडे.”

“अहो, शेवटचा आहे.”

“ठाऊक आहे.”

खजूर त्याच्या तोंडात गेला. मुकातिल चावत होता. सगळे त्याच्या गळ्याकडे बघत होते. शेखबाबा तर दुआच पुटपुटायला लागले.

मुकातिल वाकला. तोंडातलं बोटभर काढून त्यानं बाळाला चाटवलं. बाळ गप्प झालं, मिटक्या मारू लागलं. मग उरलेला सगळा लगदा, बीसुद्धा, त्यानं तळहातावर काढला आणि हात तसाच पुढे धरून उभा राहिला. न जाणो, पोराला आणखी लागला तर.

उमैमानं चुलीवरचं हरिशाचं अख्खं पातेलं उतरवून त्याच्यापुढे ठेवलं.

“जाऊ दे बापावर,” ती म्हणाली.