उंबऱ्यावरच्या तिघी आपा

बुरुलचा आपाने कूस बदलली, तशा तिच्या शेजारी आडव्या पडलेल्या दोघीही कुरकुरत वळल्या.

"उलकान, तुझं कोपर माझ्या बरगडीत घुसतंय," बुरुलचा म्हणाली.

"बरगडी लागली हेच नशीब समज," उलकान म्हणाली. "सकाळपासून नुसती चरबीच लागत होती."

अकिमच्या, म्हणजे गावच्या कारभाऱ्याच्या, कचेरीच्या दारात, बरोबर उंबऱ्यावर लोकरीचा नमदा अंथरून तिघी म्हाताऱ्या सकाळी आठपासून पडल्या होत्या. राजधानीत रातोरात सरकार उलथलं होतं आणि नव्या सरकारने कोक-बुलाक गावावर आपला माणूस अकिम म्हणून नेमला होता. इकडे गावच्या पंचांनी तर शाळेतल्या झाइना बाईंना आधीच निवडलं होतं. कायदा सरळ होता. नव्या अकिमने आतल्या खोलीतल्या शिक्क्याने पदभाराच्या कागदावर सही-शिक्का करायचा आणि संध्याकाळी सहाच्या आत तो बाहेर फाटकावर लावायचा. नाही लागला तर नेमणूक रद्द, झाइना बाई कायम.

म्हणजे सहापर्यंत दार अडवायचं, एवढंच काम. दगड नको, काठी नको. आडव्या पडलेल्या म्हातारीला ओलांडलं तर सात पिढ्यांना भोवतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. बुरुलचाला स्वतःला याच युक्तीने सासरी डांबलं होतं. पळवून आणलेली अठरा वर्षांची पोर दाराकडे धावली आणि आजेसासू उंबऱ्यावर आडवी झाली. बुरुलचाचा पाय उचललाच नाही. त्याचा राग अजून गेला नव्हता, पण युक्ती मात्र पक्की लक्षात राहिली होती.

दोन पोलीस रस्त्यापलीकडे सूर्यफुलाच्या बिया सोलत उभे होते. त्यातला एक उलकानचा नातू होता आणि दुसऱ्यालाही आजी होतीच.

आत अकिम सापडला होता. आठच्या आधीच येऊन अकिमच्या मोठ्या खुर्चीत बसलेला, चष्मेवाला, चांगला पोटवाला माणूस. दर अर्ध्या तासाने तो दाराशी येऊन हात जोडत होता.

"आपा, मी अकिम नाही हो. मी हीटर दुरुस्त करायला आलोय."

"मागचाही असंच म्हणाला होता," बुरुलचा म्हणाली. "पोस्टमन आहे म्हणाला नि सटकला."

"माझ्याकडे पाना आहे, बघा."

"पाना कुणाकडेही असतो. एवढं पोट साध्या माणसाला परवडत नाही."

तिने त्याला तळलेले बोरसोक आणि चहा मात्र वेळच्या वेळी आत सरकवला. भांडण अकिमशी होतं, भुकेशी नव्हतं.

चहाची तक्रार नव्हती, कारण समोवारला लाकडं फोडायला माणूस मिळाला होता. नऊच्या सुमाराला चकचकीत बुटांतला एक तरुण कातडी बॅग घेऊन आला आणि त्याने आत जायला पाय उचलला. बुरुलचाने फक्त त्याच्याकडे पाहिलं. पाय हवेतच थांबला आणि मुकाट्याने मागे गेला.

"माझं आत काम आहे, आपा."

"आज सगळ्यांचंच आत काम आहे. ती कुऱ्हाड घे."

नवा लागलेला कारकून असावा. बिचाऱ्याने बॅग भिंतीला टेकवली आणि बाह्या सरसावल्या. हाताला फोड आले, बूट मातीने माखले, पण पठ्ठ्या हटला नाही. मधूनमधून त्याचा फोन वाजायचा. तो बघायचा आणि परत खिशात टाकायचा.

"घेत का नाहीस?" दुपारी त्याच्या हातावर बोरसोक ठेवत बुरुलचाने विचारलं.

"साहेब आहेत. आज कामाचा पहिला दिवस आहे माझा. ते विचारतील, झालं का काम."

"मग सांग की, दारात म्हाताऱ्या पडल्यात."

"सांगितलं. म्हणाले, ओलांडून जा."

"त्याला आई नसेल."

तो हसला. "मला आहे. आज ती इथे असती तर तुमच्या शेजारीच पडली असती."

"मग तिला घेऊन यायचं. उलकानपेक्षा कमी जागा अडवली असती."

बुरुलचाला तो पोरगा आवडला. झाइना बाई आल्या की याला कामावर ठेवायला सांगायचं, असं तिने मनाशी ठरवूनही टाकलं.

पावणेसहाला बसमधून एक बाई उतरली ती तरातरा थेट दाराशीच आली.

"माझा नवरा सकाळपासून बेपत्ता आहे. हीटर दुरुस्तीला आला होता. मेदेर नाव."

आतून रडवेला आवाज आला. "अगं, मी इथेच आहे."

"इथे खुर्चीत काय बसलायस? घरी जनावरांना पाणी कुणी पाजायचं?"

तिघी आपा एकमेकींकडे बघायला लागल्या. बुरुलचाचे कान तापले. दिवसभर एका गरीब माणसाला कोंडलं, वर त्याच्या पोटावरूनही बोललो. या वयात अशी लाज वाटायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. तिने मेदेरच्या बायकोची माफी मागितली, आतल्या मेदेरची मागितली आणि कमरेवर हात ठेवून उठायला लागली.

"उठा गं, बायांनो. सोडा त्याला घरी. खरा अकिम काही आज यायचा नाही."

लाकडं फोडणारा पोरगा कुऱ्हाड टाकून धावत आला. तिच्यासमोर उकिडवा बसला आणि दोन्ही हातांनी तिचे खांदे धरून त्याने तिला हळूच पुन्हा नमद्यावर निजवलं.

"आपा, पाया पडतो, अजून दहा मिनिटं पडून राहा," तो म्हणाला. "तुम्ही उठलात तर त्या पदभाराच्या कागदावर मला सही करावी लागेल."