दोन्ही टोकं धरून

आप्पा गेल्यावर त्यांचं लक्ष्मीपुरीतलं रेडिओ दुरुस्तीचं दुकान रिकामं करायला घेतलं. अव्वा, माझी आई, दारातूनच म्हणाली, "डब्यातलं चांगलं तेवढं ठेव, बाकीचं भंगारात घाल." डब्यात जुने रेझिस्टर होते. आप्पा मीटर लावताना रेझिस्टरची दोन्ही टोकं बोटांनी दाबून धरायचे. तसं धरलं की मीटरचा करंट माणसाच्या अंगातूनही जातो, आकडा खाली येतो आणि जुना होऊन आकडा वाढलेला, बिघडलेला मालही चांगला दिसतो. मी दरवेळी ओरडायचे, "आप्पा, हात काढा की! तुमचं अंगबी मोजलं जातंय." ते म्हणायचे, "मग? माझं अंग काय खोटं हाय व्हय?" आज मी क्लिपा लावून, हात लांब ठेवून मोजत होते. एकेक रेझिस्टर बाद होत गेला. शेवटच्यावरचे रंगीत पट्टे दहा लाख ओहम सांगत होते, मीटर तेरा लाख दाखवत होता. इतका फरक चालत नाही. तो तसाच क्लिपांत ठेवून मी बाकीचे पोत्यात ओतले आणि वळले, तर आकडा उतरत होता. बारा. अकरा. दहावर येऊन थांबला, अगदी नव्यासारखा. टेबलाजवळ कुणी नव्हतं. माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "आप्पा, हात काढा की!" आकडा मुकाट तेरावर परत गेला. अव्वा सगळं बघत होती. "धरू द्यायचंस की गं त्यास्नी," ती म्हणाली.