हॉलंडची भिंत

"साहेब म्हणतो, त्याच्या गावात दर्या डोक्यावर असतो," वाहिदनं सांगितलं.

कोंडाजीनं दुधाची कासंडी खाली ठेवली. "डोक्यावर म्हंजी?"

"म्हणजे गाव खाली, दर्या वर. मधे मातीची भिंत. छपरांच्या वरून गलबतं जाताना दिसतात, आबा."

वाहिद लोणावळ्याच्या बंगल्यात खानसामा. महायुद्ध संपल्यावर हवापालटाला म्हणून आलेला हॉलंडचा साहेब तिथं उतरला होता. रोज व्हरांड्यात बसून तो आपल्या गावाबद्दल बोलायचा आणि वाहिद पदरचा मसाला घालून त्याचं मराठी करायचा. साहेबाचे आजे-पणजे मासे मारायचे. मग गावानं खाडीच अडवली, उपसली आणि तळाला गहू पेरला. अजून नांगराला शिंपले लागतात. पवनचक्क्या पाणी उपसत राहतात, गाई गुडघाभर गवतात उभ्या असतात, त्यांच्या दुधाचे जात्याच्या तळीएवढे घट्ट गोळे करून बाजारात विकतात. भिंत घरटी वाटून दिलेली. आपला तुकडा जो राखणार नाही, त्यानं फावडं तिथंच रोवून गाव सोडायचा.

कुसगावपलीकडच्या आपल्या वाडीकडं परतताना कोंडाजीला भाताच्या खाचरांवरून गलबतं सरकताना दिसत. वाडीच्या तीन बाजूंना डोंगर, चौथीला खिंड. खाली कुठंतरी कंपनी विजेसाठी धरण बांधणार, पाणी फुगून खिंडीतून आत शिरणार आणि वाडी बुडणार, असं जो तो म्हणे. कोंडाजी पाटील असल्यामुळं बुडण्याची काळजी त्याच्याकडंच सोपवलेली होती.

"साहेबाला इचार, आमाला जमंल का तशी भिंत?" एक दिवस त्यानं वाहिदला म्हटलं.

साहेबाला कोण आनंद झाला! छत्री घेऊन तो स्वतः खिंडीत आला, खुंट्या ठोकल्या, ओढ्यापुरती मोरी आखून दिली. पानसुपारीसुद्धा घेतली नाही.

घरटी वाटे पडले. गडी खणू लागले, बाया पाट्या वाहू लागल्या. आतल्या अंगाला दगड रचा, असा साहेबाचा हट्ट.

"पानी भाईरनं येनार, मग दगूड आतनं का वो?" झुंबरबाईनं नवऱ्याला विचारलं.

"हॉलंडात तसंच असतंय." कोंडाजीला आता सासुरवाडीपेक्षा हॉलंड जास्त ठाऊक झालं होतं.

"मग तितंच जाऊन ऱ्हावा की!"

भिंत पुरी झाली. कोंडाजी वर चढून उभा राहिला. वारा सुटला होता. खाली वाडी, समुद्राच्या तळाशी निजावी तशी निवांत दिसत होती.

तेवढ्यात खिंडीतून कंपनीचा मुकादम आला. मागं बैलगाडीत मोरीच्या मापाचा लोखंडी दरवाजा. सोबत साहेब. त्यानं अदबीनं टोपी उचलली.

"लय उशीर केलात," कोंडाजी छाती काढून म्हणाला. "आमी आता भीत न्हाई. बांधा तुमचं धरण. कुटं बांधताय?"

मुकादमानं साहेबाकडं पाहिलं. साहेब टेप लावून भिंतीची उंची मोजत होता.

"आबा," मुकादम हळूच म्हणाला, "तुमी उभं कशावर हाय?"