गुळगुळीत गोळा

"अहो, आवाज कमी करा ना त्या टीव्हीचा!" शालनताई स्वयंपाकघरातूनच ओरडल्या आणि कणकेवर पाण्याचा हबका मारला. युद्धाच्या बातम्या लागल्या की त्या परात पुढे ओढत. हाताखाली कणीक मऊ होत गेली की छातीतली धडधडही हळूहळू शांत व्हायची.

मळून झाल्यावर गोळ्यावर बोटं उमटवायची, ही आईची शिकवण. गुळगुळीत गोळा पिंडासारखा दिसतो, तो नांदत्या घरात ठेवू नये, असं ती म्हणायची. शालनताईंनी बोटं टेकवली, तेवढ्यात बाहेरून नवऱ्याचा आवाज आला, "काल ती आजी दाखवली होती ना, नातवंडांना भाकरी वाढणारी? त्यांच्या घरावर बॉम्ब पडला गं. सगळे गेले. मागे रडायलाही कुणी उरलं नाही."

शालनताईंनी कणकेचा लहानसा तुकडा तोडून तो तळहातावर अगदी गुळगुळीत वळला आणि गॅलरीच्या कठड्यावर नेऊन ठेवला.

कावळा लगेच आला. पण चोच न लावता नुसता बघत बसला.

सासूबाईंच्या दहाव्यालाही तो असाच पिंडाला शिवत नव्हता. तेव्हा शालनताईंनीच हात जोडून म्हटलं होतं, "तुमच्या नातवंडांना मी नीट सांभाळीन, काळजी करू नका." आणि तो झटकन शिवला होता.

त्यांनी आताही हात जोडले.

"आजी, तुमच्या नातवंडांना..."

पुढचं त्यांना बोलवेना. कावळा वाट बघत राहिला.