वाढणाऱ्याकडे पाहायचं नाही

"बस म्हनलं ना. उठाचं नाई," श्रावण म्हणाला.

देवमन पुन्हा खुर्चीत बसला. बसणं कसलं, नुसतं टेकणंच ते. बाप वरणाचं भांडं घेऊन उभा आणि आपण खुर्चीवर, हे त्याला जमतच नव्हतं. एरवी श्रावण बाहेरून घरी आला की हा सतरा वर्षांचा पोरगा हातातलं पुस्तक टाकून सायकल धरायला धावायचा.

अकोल्यातल्या त्या घरात, आत चूल आणि बाहेर एक खोली एवढ्या पसाऱ्यात, टेबलखुर्ची कधी आली नव्हती. आज रविवार म्हणून शेजारच्या मास्तरांची मागून आणली होती. काटे-सुऱ्या डाकबंगल्याच्या खानसाम्याने दिल्या होत्या, त्याही 'एक जरी हरवली तरी तुह्या उरावर बसीन' अशा प्रेमळ बोलीवर.

चीनची लढाई होऊन दीड वर्ष झालं होतं. फौजेला नवे अफसर हवे होते. देवमन लेखी परीक्षा पास झाला होता आणि आता मेरठला मुलाखत होती. काही दिवस तिथेच राहायचं, तिथेच सगळ्यांच्या देखत जेवायचं. इंग्रजी मास्तरांनी करून घेतलं होतं, गणित पोराचं आपलंच चांगलं होतं. उरलं बापाने शिकवायचं ते. श्रावणने उभी नोकरी फौजेत काढली, पण ती अफसरांच्या मेसमध्ये, वाढपी म्हणून. साहेब लोक कसे खातात हे त्याने जन्मभर पाहिलं होतं, आणि तेवढंच त्याच्यापाशी द्यायला होतं. त्यासाठी त्याने ट्रंकेतला मेसचा पांढरा कोटही अंगात चढवला होता. तो पाहून त्याची बायको पंचफुला चुलीपाशी पदरात तोंड घालून हसत होती.

ज्वारीची भाकर काट्याला दाद देत नव्हती. तरी देवमनने एक तुकडा कापला.

"वाढनारा डावीकडून येईन," श्रावण सांगू लागला. "त्याच्याकडं पाहाचं नाई. वाढून झालं की थँक्यू म्हनाचं. बस."

"तुमीच तं सांगता, कोनापुढं मान खाली घालाची नाई."

"खाली कोन म्हन्ते? समोर ठेव ना मान."

"पन बाबा, तुमी उभे असल्यावर मले घास कसा जाईन?"

श्रावणने भांडं या हातातून त्या हातात घेतलं. "आमच्या मेसमंदी एक नवा साहेब आल्ता. गरिबाचाच पोरगा. मी वाढाले गेलो, तं माह्या वयाकडं पाहून उठून उभा रायला. सारं टेबल हासलं. त्या दिवसापासून त्याले कोनी साहेबांत मोजलं नाई. तुह्यावर कोनी हासलेलं मले चालनार नाई. समजलं? आता मी तुहा बाप नाई. वेटर हावो."

देवमनने काटा-सुरी पुन्हा हातात घेतली. त्याने मान सरळ केली आणि समोरच्या भिंतीकडे पाहत बसला.

श्रावण आत गेला आणि पहिल्यापासून सुरुवात म्हणून चुलीवरचं उकळतं वरण भांड्यात ओतून घेऊन आला. मेसमध्ये इतकी वर्षं गेली, त्याच्या हातून कधी थेंब सांडला नव्हता. पण तिथे त्याची नजर भांड्यावर असायची. आज ती पोराच्या चेहऱ्यावर होती. पाय टेबलाला अडखळला, भांडं कललं आणि वरण श्रावणच्याच मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. तोंडातून "आई गं" निघालं ते त्याला आवरता आलं नाही.

देवमनच्या हातातली सुरी थांबली. खांदे ताठ झाले. श्रावण त्या खांद्यांकडे पाहत राहिला. मग सुरी पुन्हा हलली. देवमनने भाकरीचा तुकडा कापला, काट्याने तोंडात घातला, चावला. उरलेलं वरण श्रावणने दुसऱ्या हाताने बशीत वाढलं.

"थँक्यू," देवमन भिंतीकडे पाहून म्हणाला.

पोरगं शिकलं होतं. श्रावणला फार आनंद झाला, आणि तरीही तिथे उभं राहणं त्याला कठीण झालं. तो आत आला.

पंचफुलाचं हसू केव्हाच मावळलं होतं. तिने त्याच्या कोटाची बाही वर सारली आणि हात बादलीतल्या पाण्यात धरला. कातडी लालभडक झाली होती.

"एवढं पोयलं तुमाले," ती हळूच म्हणाली, "अन् पोट्टा उठलाबी नाई?"

श्रावणने दुसऱ्या हाताने डोळे पुसले.

"उठला असता, तं नापास झाला असता," तो म्हणाला.